आधी तारखा, मग पूल

नवापूर तालुक्यातले चिंचपाडा हे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे एक लहान स्टेशन. ताप्ती व्हॅली रेल्वेने विसावे शतक उजाडताना हा मार्ग सुरू केला, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे तो एकेरीच राहिला. समोरून गाडी येणार असली की दुसरीने स्टेशनात खोळंबायचे, हे इथल्या कित्येक पिढ्यांनी पाहिले. उधना ते जळगाव या सुमारे 307 किलोमीटरच्या टप्प्याचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण झाले, आणि 16 फेब्रुवारी 2019 रोजी धुळ्यातल्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. खर्च 2,400 कोटी रुपयांच्या घरात गेला.

एवढ्या कामात भराव, मोऱ्या, पूल, खडी, रूळ, सिग्नल, विजेच्या तारा हे सगळे एकमेकांवर अवलंबून असते. कोणते आधी, कोणते नंतर आणि नेमके कधी, हे मांडणाऱ्याला साइटवर प्लॅनिंग इंजिनियर म्हणतात. मोठ्या कंपन्यांत त्याच माणसाचे नाव शेड्यूलर. त्याच्या हातात थापी नसते की लेव्हलिंगचे यंत्र नसते. तो तारखांवर काम करतो.

त्याची विचार करण्याची पद्धत एका छोट्या उदाहरणातून कळते. समजा, चिंचपाड्याच्या परिसरात एखाद्या नाल्यावर रस्त्याचा लहान पूल बांधायचा आहे. तुळया जागेवरच ओतायच्या आहेत आणि त्यांची लांबी 6 मीटरपेक्षा जास्त आहे. साध्या सिमेंटच्या अशा तुळयांखालचे टेकू किमान 21 दिवस काढू नयेत, असे आयएस 456 हे भारतीय मानक सांगते. काँक्रीट 1 जूनला ओतले तर सेंटरिंग 22 जूनपर्यंत नाल्याच्या पात्रात उभे राहणार. नवापूर हा खान्देशाच्या मानाने भरपूर पावसाचा, भातशेतीचा भाग. जूनच्या मध्यावर पाऊस आला आणि नाला भरून वाहू लागला, तर टेकू पाण्यात आणि वरची तुळई अजून कच्ची! म्हणून शेड्यूलर शेवटाकडून मागे मोजत येतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पात्र मोकळे हवे, म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्यात काँक्रीट झाले पाहिजे. त्याआधी लोखंड बांधून तपासलेले हवे, त्याआधी पायाच्या भिंती, त्याआधी खोदाई. असे मोजत गेले की कळते, जागेचा ताबा जानेवारीत मिळाला नाही तर हा पूल या वर्षी होत नाही. मंजुरीची एक सही फेब्रुवारीपर्यंत लांबली की पुलाला अख्खा पावसाळा थांबावे लागते, ते यामुळे.

ही भीती कागदावरची नाही. ऑगस्ट 2018 मध्ये रंगावली नदीच्या पुराने नवापूर शहरात हाहाकार उडवला आणि माणसेही दगावली.

ज्या कामांना उशीर झाला की सगळा प्रकल्पच पुढे ढकलला जातो, त्यांच्या साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात. बाकीच्या कामांना थोडी सवड असते; तिला फ्लोट म्हणायचे. ही रीत 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ या रसायन कंपनीत आकाराला आली. तिथले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली हे तिचे कर्ते. त्याच सुमारास अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही भावंड पद्धत काढली. हेन्री गँटचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते त्याहून जुने, पहिल्या महायुद्धाच्या काळातले. आज हे सारे प्रायमाव्हेरा किंवा एमएस प्रोजेक्टवर होते, पण साइट ऑफिसच्या भिंतीवर बार चार्ट अजूनही लागतो.

रेल्वेच्या कामात आणखी एक कसोटी असते. चालू रुळांवर काम करायचे तर गाड्या थांबवून ब्लॉक घ्यावा लागतो, आणि तो तासांत मिळतो. मुंबईचा कर्नाक पूल पाडण्यासाठी मध्य रेल्वेने नोव्हेंबर 2022 मध्ये 27 तासांचा ब्लॉक घेतला, तेव्हा शहराने हे जवळून पाहिले. अशा वेळी क्रेन कुठे उभी राहील, कटर किती लागतील, कोणती मार्गिका आधी मोकळी करायची, याचा हिशोब मिनिटांत होतो. वेळ संपत आली म्हणून अर्धवट काम सोडून देता येत नाही. त्या 27 तासांमागे अनेक महिन्यांची आखणी असते.

एवढे असूनही चांगली वेळापत्रके कोलमडतात, आणि त्याचे मोठे कारण माणसांची माहिती नसणे हे आहे. दिवाळीनंतर नंदुरबार, धुळे आणि डांगमधली हजारो कुटुंबे दक्षिण गुजरातच्या ऊसतोडीला जातात. होळीला सातपुड्यात काठीसारख्या गावी सारा मुलूख लोटतो. त्या आठवड्यात मजूर साइटवर राहतील असे धरणे चूकच. नवापूर भागात नाताळही तितक्याच आस्थेने साजरा होतो. जूनमध्ये पेरणी, मग भाताची लावणी. दूरच्या मुख्यालयात बसून बारा महिने सारखेच मजूर धरले, तर पहिल्या होळीलाच तक्ता खोटा ठरतो. सणाला घरी जाणारा माणूस कामचुकार नव्हे. त्याचे कॅलेंडर विचारात न घेणारी आखणी कच्ची.

शेड्यूलरचे सर्वांत अवघड काम मात्र खरे सांगण्याचे. दर महिन्याला तो मूळ आराखड्याशी, म्हणजे बेसलाइनशी, प्रत्यक्ष प्रगती ताडून पाहतो. काम मागे पडले की ठेकेदार मुदतवाढ मागतो, खाते दंड लावते, प्रकरण लवादापर्यंत जाते. तिथे पुरावा म्हणून हेच मासिक तक्ते उघडले जातात. 40 टक्के झालेले काम 60 टक्के दाखवण्याचा आग्रह अशा वेळी त्याच्यावर होतो. जो शेड्यूलर हा आग्रह मानत नाही, त्याच्यामुळे सार्वजनिक पैसा वाचतो. केंद्राचे 150 कोटींवरील प्रकल्प किती रखडले, याचे अहवाल सांख्यिकी मंत्रालय नियमित प्रसिद्ध करते. ते जरूर वाचावेत.

नंदुरबारच्या शासकीय तंत्रनिकेतनातून किंवा अन्य ठिकाणाहून स्थापत्य पदविका घेतलेल्या या भागातल्या मुलामुलींनी या कामाकडे आवर्जून पाहावे. सॉफ्टवेअर काही महिन्यांत शिकता येते. नाला कधी भरतो, मजूर कधी गावी जातो आणि कधी परततो, हे त्यांना आधीच ठाऊक आहे. कंपन्यांनीही अशा उमेदवारांना आखणीच्या टेबलावर बसवावे, नुसते देखरेखीला उभे करू नये.