शेजाऱ्याची श्रद्धा, आपली श्रद्धा आणि एकच कसोटी

नवरात्र जवळ आलं की बडोद्याच्या फतेहगंज भागातल्या ख्रिस्ती घरांत काही प्रश्न हमखास निघतात. मुलीला मैत्रिणींबरोबर गरब्याला जायचं असतं. शेजारच्या काकूंनी प्रसादाची वाटी आणून दिलेली असते आणि ती घ्यायची की नाही यावर सासू-सुनेचं एकमत होत नाही. नवा फ्लॅट दाखवणारा दलाल पहिल्याच वाक्यात ‘वास्तुप्रमाणे आहे’ म्हणून सांगतो. मोबाइलवर कुणीतरी बजावत असतं, मनात धरा, ब्रह्मांड देईल. घरात मराठी बायबल, चर्चमध्ये गुजराती. दोन्ही उघडून लोक विचारतात, यात काय लिहिलंय?

2011 च्या जनगणनेनुसार गुजरातमध्ये ख्रिस्ती लोक जेमतेम अर्धा टक्का आहेत. त्यांचं रोजचं जगणं इतरांच्या सणावारांच्या सोबतीनं चालतं, त्यामुळे हे प्रश्न पुढच्या वर्षावर ढकलता येत नाहीत. बायबलचा अर्थ लावायची रीत काय असते आणि ती आजच्या श्रद्धांना लावली तर काय हाती येतं, ते इथे मांडतो आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: शेजाऱ्याच्या श्रद्धेला लावायची कसोटी आधी स्वतःच्या चर्चला लावली नाही, तर बायबल वाचलं असं म्हणता येत नाही.

वचन कुठून उचललं?

ख्रिस्ती घरांतल्या कॅलेंडरांवर आणि कीचेनवर सर्वांत जास्त दिसणाऱ्या वचनांत यिर्मयाच्या 29 व्या अध्यायातलं अकरावं वचन आहे. देवानं तुमच्या भल्याचाच बेत केला आहे, असा त्याचा आशय. परीक्षेला बसणाऱ्या मुलाला, दुकान उघडणाऱ्या भावाला तेच पाठवलं जातं. आता त्याच अध्यायाची सुरुवात वाचावी. इ.स.पू. 597 मध्ये नबुखद्नेस्सरानं जेरुसलेमहून धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं लिहिलेलं हे पत्र आहे. दोन वर्षांत सुटका होईल असं सांगणारे संदेष्टे तेव्हा लोकप्रिय होते. यिर्मया सांगतो की सत्तर वर्षं लागतील. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा आणि ज्या परक्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. हे कळल्यावर वचनाचा धीर कमी होत नाही. झटपट यशाची हमी तेवढी गळून पडते.

अर्थ लावायची रीत ती हीच. कुणी, कुणाला, कोणत्या अडचणीत लिहिलं ते पाहायचं. मागचं-पुढचं वाचायचं. बायबलमधल्या इतर पुस्तकांशी ताडून बघायचं. येशूच्या वागण्याशी आणि शिकवणुकीशी ते जुळतं का, हे विचारायचं. आणि हे एकट्यानं न करता मंडळीत, जुन्या-नव्या वाचकांच्या संगतीनं करायचं.

यात आमोस हा संदेष्टा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याच्या पुस्तकाच्या आरंभी तो दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशा शेजाऱ्यांचे अपराध एकामागून एक मोजतो. ऐकणारे माना डोलवत असणार. मग तो यहूदाकडे वळतो, शेवटी इस्राएलाकडे, आणि सर्वांत लांब आरोपपत्र त्यांच्याच पदरात घालतो: तुम्ही गरिबाला जोडाभर वहाणांसाठी विकता.

बडोद्यात ही चिकित्सा जुनी आहे

धर्म तपासून बघणं या शहराला नवं नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास बडोदा कॉलेजात शिकवण्याची सोय केली. तिथे शिकवणारे ॲल्बन विजरी यांचं या विषयावरचं पुस्तक 1922 मध्ये बडोद्यातूनच निघालं. त्याआधी, 1901 ते 1903 या काळात विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्म शिकायला गेले, तेव्हाही महाराजांनी त्यांना पैशांची मदत केली होती. प्रार्थनासमाजाचे शिंदे तिथे बायबलची आधुनिक चिकित्सा जवळून पाहून आले आणि 1906 मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभं केलं.

दुसरं उदाहरण त्याहून जवळचं आहे. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात तयार झाली. 1951 मध्ये काम सुरू झालं आणि सातही कांडं 1975 पर्यंत छापून पूर्ण झाली. ठिकठिकाणची हस्तलिखितं गोळा करून, पाठभेद लावून, जुना पाठ कोणता हे ठरवायचं काम पंडितांनी कित्येक वर्षं केलं. बायबलच्या पाठाचंही असंच आहे. व्यभिचारात धरलेल्या बाईला येशूनं वाचवलं तो प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानाच्या जुन्यात जुन्या हस्तलिखितांत नाही. म्हणून अनेक आवृत्त्यांत तो कंसात छापतात. हे ऐकून काही भाविक बिचकतात. मला यात प्रामाणिकपणा दिसतो, आणि जो प्रामाणिकपणा रामायणाच्या अभ्यासकांनी दाखवला तो आपल्याकडेही आहे याचा आनंद वाटतो.

प्रसादाची वाटी

या प्रश्नावर बायबलमध्ये सलग तीन अध्याय आहेत: करिंथकरांस पहिलं पत्र, 8 ते 10. पौलानं ते इ.स. 55 च्या सुमारास लिहिलं. करिंथ हे बंदराचं, व्यापाराचं, देवळांनी भरलेलं शहर. तिथल्या अस्क्लेपियस देवाच्या देवळापाशी जेवणाच्या खोल्यांचे अवशेष उत्खननात सापडले आहेत. वाढदिवस, आजारातून उठल्याचा आनंद, धंद्यातला करार, सगळ्यांची पंगत तिथे बसत असे. गरिबाला मांस मिळायचं ते बहुधा सणालाच, देवाला बळी दिल्यावर. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या माणसानं मित्राचं आमंत्रण नाकारायचं म्हणजे गावातून उठून जाण्यासारखंच होतं.

पौल एका वाक्यात निकाल देत नाही, तो प्रसंग वेगळे करतो. बाजारात विकत मिळणारं खा, कुठून आलं ते विचारत बसू नका. अविश्वासी माणसानं घरी जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं तर जा, पुढे वाढतील ते खा. पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून थांबा. देवळातल्या पूजेच्या पंगतीत बसून त्या देवाशी भागीदारी मात्र करू नका. मूर्ती काहीच नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, ठीक. पण तुमच्या त्या ज्ञानानं दुबळ्या मनाचा भाऊ अडखळला, तर ज्ञान काय कामाचं?

गणपतीत दांडिया बाजारातल्या स्नेह्यांकडून आलेला मोदक, दसऱ्याला कारखान्यात यंत्रपूजेनंतर वाटलेला पेढा आणि स्वतः पाटावर बसून केलेली पूजा, या तीन गोष्टी पौलाच्या नजरेनं एक नाहीत. पहिली शेजारधर्माची, दुसरी कामाच्या जागेची, तिसरी उपासनेची. माझं मत असं की मोदक दोन्ही हातांनी, मनापासून घ्यावा आणि नाताळला आपल्या घरची करंजी-केक त्यांच्याकडे पोहोचवावी. पण वेगळं मत असणाऱ्यांचाही आधार बायबलातच आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या 15 व्या अध्यायात जेरुसलेमच्या सभेनं मूर्तीला वाहिलेलं खाऊ नका असंच कळवलं, आणि प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात ते खाणाऱ्यांना खडसावलं आहे. सासूबाई हट्टी आहेत असं म्हणण्याआधी ही वचनं सुनेनं वाचलेली बरी. आणि सूनबाई बाटली असं म्हणण्याआधी सासूबाईंनी पौल.

गरबा

डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोनं गुजरातच्या गरब्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. बडोद्याचा गरबा आजही बराचसा जुन्या वळणाचा आहे: मधोमध गायक-वादक, भोवती अनवाणी फिरणारी हजारो पावलं. त्या वर्तुळात भक्ती आहे, कला आहे, शहराचा अभिमान आहे आणि तरुण वयाचा आनंदही आहे. आरती आणि गरबो, म्हणजे दिव्याची घागर, हा देवीच्या उपासनेचा गाभा. ख्रिस्ती मुलगी तिथे गेली तर ती उपासनेला गेली की नाचायला, हे बाहेरून ठरवता येत नाही.

रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात पौल म्हणतो की कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे सारखे. ज्यानं त्यानं स्वतःच्या मनाची खात्री करून घ्यावी आणि दुसऱ्याला तुच्छ लेखू नये. एवढ्यावर तिचा निर्णय तिच्याकडे सोपवायला हरकत नाही. आईबापांनी कारण विचारावं, धाक घालू नये.

ग्रह, दिशा आणि भीती

अनुवादाच्या 18 व्या अध्यायात शकुन बघणं, मंत्रतंत्र करणं निषिद्ध ठरवलं आहे. यशयाच्या 47 व्या अध्यायात बाबेलच्या ज्योतिष्यांना आव्हान आहे: तारे बघणाऱ्यांनी आता तुला वाचवावं. बाबेल ही त्या काळची सत्ता होती आणि तिचं ग्रहज्ञान म्हणजे राज्याचं शास्त्र. गुलामीत पडलेल्या लोकांना संदेष्टा सांगतो आहे की तुमचं भवितव्य त्यांच्या तक्त्यांत बांधलेलं नाही. भीतीतून सोडवणं हा त्या निषेधाचा हेतू आहे. वास्तूच्या दिशेवरून झोप उडालेल्या माणसाला आज तेच सांगावं लागतं.

पण मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात तारा पाहून येशूपर्यंत पोचतात ते पूर्वेचे ज्ञानी लोक. शास्त्री-याजकांना बेथलेहेम हे ठिकाण पाठ होतं, तरी आठ-नऊ किलोमीटर चालून कुणी गेल्याचं मत्तय लिहीत नाही. तो इथे ज्योतिषाला मान्यता देत नाही. परक्यांच्या अपुऱ्या ज्ञानालाही देव भेटतो आणि आपल्यांचं पुरं ज्ञान जागचं हलत नाही, हे तो दाखवतो.

आता आपल्या घराकडे बघू. उशीखाली बायबल ठेवणं, डोळे मिटून पान उघडून बोट ठेवलेलं वचन आजचा कौल मानणं, प्रार्थना केलेल्या तेलाच्या बाटल्या आणि रुमाल पैसे देऊन आणणं, हे सगळं चर्चच्या आवारात चालतं. यावर बायबलमध्ये एक थेट उदाहरण आहे. मोशेनं देवाच्या आज्ञेवरून पितळेचा साप केला, त्याच्याकडे पाहून सर्पदंश झालेले लोक वाचले. पुढे काही शतकांनी लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडून टाकला. साप मोशेनं केलेला होता, खरा होता, तरी फोडला.

पूर आला, पाप कुणाचं?

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी पात्र सोडून शहरात शिरली. घरं दिवसचे दिवस पाण्यात होती, रस्त्यांवर मगरी दिसत होत्या, सैन्याला बोलवावं लागलं. अशा वेळी ‘कुणाच्या कर्माची फळं’ हे वाक्य सहज ऐकू येतं, आणि चर्चमध्ये त्याचंच भावंड: देवाचा कोप.

बायबलमध्ये पेराल तसं उगवेल ही शिकवण आहे, नीतिसूत्रं तिनं भरलेली आहेत. पण तिच्याच पोटात तिला अडवणारं ईयोबाचं पुस्तक आहे. ईयोबाचे मित्र दुःखावरून पाप शोधतात, आणि शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो आणि त्याला बरं करायला लागतो. लूकच्या 13 व्या अध्यायात शिलोहचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांबद्दल तो विचारतो, ते काय सगळ्यांहून जास्त पापी होते? नाही, असं तोच उत्तर देतो, आणि ऐकणाऱ्यांना स्वतःचं जगणं बदलायला सांगतो.

कर्मसिद्धांत फक्त दोष देण्यासाठी आहे असं मी म्हणणार नाही. कित्येकांना तो जबाबदारीनं जगायला लावतो. पुनर्जन्माबाबत ख्रिस्ती शिकवण वेगळी आहे, इब्री लोकांस पत्राप्रमाणे मरण एकदाच. पण पूरग्रस्ताच्या दारात उभं राहून हिशेब मांडायची मुभा येशूनं कुणालाच ठेवलेली नाही. नदीपात्रातली बांधकामं, बुजवलेल्या कोतरांचे नाले यांचा हिशेब मात्र मागायलाच हवा. तो माणसांनी माणसांना द्यायचा आहे.

‘ब्रह्मांड देईल’

विचारांनी पैसा, आरोग्य, जोडीदार खेचून आणता येतो, ही कल्पना प्राचीन भारतीय नाही. तिचं आजचं रूप एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत, फिनिअस क्विंबी आणि त्यांच्या मागून आलेल्या ‘नव्या विचारा’च्या चळवळीत घडलं, 2006 मधल्या ‘द सीक्रेट’ या चित्रपट-पुस्तकानं ते घरोघर नेलं. समृद्धीचं शुभवर्तमान सांगणाऱ्या ख्रिस्ती उपदेशकांच्या शिकवणुकीतही त्याच चळवळीचा वारसा असल्याचं अभ्यासकांनी दाखवलं आहे. एक म्हणतो ब्रह्मांडाला मागा, दुसरा म्हणतो येशूच्या नावानं हक्क सांगा. मला दुसरा जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो बायबल हातात घेऊन बोलतो.

या उपदेशकांचं आवडतं वचन फिलिप्पैकरांस पत्र 4:13, मला सर्व काही शक्य आहे या आशयाचं. पौलानं ते बेड्यांत असताना लिहिलं. आदल्याच वचनात तो सांगतो की भूक आणि तृप्ती, टंचाई आणि भरभराट दोन्ही सोसायला मी शिकलो. ज्या आईचं मूल प्रार्थना करूनही वाचलं नाही, तिला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं सांगणारा उपदेशक ईयोबाच्या मित्रांच्या रांगेत बसतो.

मतभेद कुठे राहतात

एवढं करूनही ख्रिस्ती लोकांचं एकमत होत नाही. कॅथलिक चर्चनं 28 ऑक्टोबर 1965 च्या घोषणेत, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं जाहीर केलं. अनेक पेंटेकॉस्टल मंडळ्यांत योगासनांपासूनही दूर राहायला सांगतात. मेथडिस्टांत दोन्हीकडचे लोक भेटतात.

मराठी माणसाला या वादात ना. वा. टिळकांचं नाव टाळता येत नाही. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले टिळक, तुकारामांच्या वाटेनं आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. त्यांनी अभंग, भजन, कीर्तन चर्चमध्ये आणलं, आणि ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली त्यांची गीतं आजही म्हटली जातात. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, येशूला मानणाऱ्या सगळ्यांना तिथे जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार ओसरला. बाप्तिस्म्याशिवाय शिष्य होता येतं का, हा त्यांनी उभा केलेला प्रश्न मराठी मंडळ्यांत अजून सुटलेला नाही. मला टिळकांचं पटतं. माझ्याच चर्चमधल्या अनेकांना पटत नाही, आणि ते त्यांची वचनं दाखवतात.