हुजूर पक्षाचे पुढे काय?

ब्रिटनमधल्या दोन मोठ्या पक्षांना आपल्या वृत्तपत्रांनी फार पूर्वीच दोन मराठी नावे देऊन टाकली. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे हुजूर पक्ष आणि लेबर म्हणजे मजूर पक्ष. नावे सुटसुटीत आहेत, यमकामुळे लक्षातही राहतात. पण ‘हुजूर’ या शब्दाने थोडा घोटाळा होतो. सरदार, जमीनदार आणि त्यांच्या पुढेपुढे करणारी मंडळी असे काहीसे चित्र डोळ्यांसमोर येते. आता, हुजूर म्हणवून घेणारे लोक कोणत्याही देशात मूठभरच असतात. त्यांच्या मतांवर निवडणूक जिंकता येत नाही. तरीही विसाव्या शतकात ब्रिटनची सत्ता सर्वांत जास्त काळ याच पक्षाच्या हाती होती. हे त्याला कसे साधले आणि अलीकडे का साधेनासे झाले, हा आजचा विषय आहे.

आधी अगदी अलीकडचा पराभव पाहू. २०१९ च्या निवडणुकीत या पक्षाला ३६५ जागा मिळाल्या होत्या. ४ जुलै २०२४ रोजी झालेल्या निवडणुकीत ६५० पैकी १२१ जागा हाती लागल्या. पक्षाच्या इतिहासातला हा नीचांक. माजी पंतप्रधान लिझ ट्रस यांना स्वतःची जागाही राखता आली नाही. त्यानंतर मे २०२५ मध्ये इंग्लंडच्या काही भागांत स्थानिक परिषदांच्या निवडणुका झाल्या. मतदान झालेल्या परिषदांपैकी एकीतही हुजूर पक्षाला बहुमत मिळाले नाही. एका पाठोपाठ एक पराभव पाहिले की प्रश्न पडतोच, की हा पक्ष आता संपत आला आहे काय?

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो आहे असे मात्र नाही. १९०६ साली पक्षाचा असाच धुव्वा उडाला होता. परदेशी मालावर जकात बसवावी की नाही यावरून पक्षात फूट पडली आणि जकात आली तर पाव महागेल या धास्तीने मतदार उठून गेले. पंतप्रधानपद नुकतेच सोडलेले बाल्फोर मँचेस्टरमध्ये पडले. त्याच लाटेत आपल्या मुंबईत जन्मलेले सर मंचेरजी भावनगरीही पराभूत झाले. लंडनच्या बेथनल ग्रीन या श्रमिकांच्या वस्तीतून हे पारशी गृहस्थ १८९५ पासून हुजूर पक्षाचे खासदार होते. दादाभाई नौरोजींचे नाव आपल्याला पाठ असते, भावनगरींचे नसते. दादाभाई उदारमतवादी पक्षाकडून निवडून आले होते आणि भावनगरी विरुद्ध बाजूला होते, हे त्याचे एक कारण असावे. पण कामगारांच्या वस्तीने एका मुंबईकराला हुजूर पक्षाच्या तिकिटावर दोनदा निवडून दिले, एवढ्यावरून हा पक्ष केवळ हुजुरांचा नव्हता हे लक्षात यावे. १९०६ नंतर १९१० मध्ये दोन निवडणुका झाल्या, त्याही पक्षाने गमावल्या. स्वबळावर बहुमत मिळायला १९२२ साल उजाडावे लागले.

दुसरा मोठा पराभव १९४५ चा. महायुद्ध जिंकून देणारे चर्चिल प्रचाराला उतरले होते. लोकांनी टाळ्या त्यांना दिल्या आणि मते मजूर पक्षाला. मजूर पक्षाने ३९३ जागा जिंकल्या. पुढची सहा वर्षे हुजूर पक्षाने काय केले, ते समजून घेण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे लोकांचा निकाल त्याने मान्य केला. रिचर्ड बटलर यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये पक्षाने औद्योगिक सनद तयार केली. कोळसा आणि रेल्वे यांचे राष्ट्रीयीकरण आता उलटवायचे नाही, सर्वांना रोजगार मिळावा ही सरकारचीही जबाबदारी आहे, असे तिचे सार होते. मोफत सरकारी आरोग्य सेवेच्या विधेयकाला संसदेत विरोध करणाऱ्या या पक्षाने सत्तेवर आल्यावर ती सेवा चालू ठेवली. दुसरी गोष्ट संघटनेची. लॉर्ड वुल्टन हे पूर्वी मोठ्या दुकानांचा व्यवसाय सांभाळणारे गृहस्थ. त्यांनी गावोगाव सभासद नोंदवले. १९५० च्या दशकाच्या आरंभी पक्षाची सभासदसंख्या पंचवीस लाखांच्या पुढे गेली. उमेदवाराने स्वतःच्या खिशातून पक्षाला किती पैसे द्यायचे, यावरही मर्यादा घातली गेली. पैसेवाल्याने मतदारसंघ जवळजवळ विकतच घ्यावा, ही जुनी चाल त्यामुळे मोडली. तिसरी गोष्ट घरांची. बाँबहल्ल्यांत लाखो घरे पडली होती. वर्षाला तीन लाख घरे बांधू, असे वचन पक्षाने दिले. १९५१ मध्ये सत्ता आल्यावर गृहनिर्माणाचे खाते हॅरल्ड मॅकमिलन यांच्याकडे गेले आणि १९५३ मध्ये वचन पुरे झाले. १९५१, १९५५ आणि १९५९ अशा सलग तीन निवडणुका पक्षाने जिंकल्या.

यातल्या घरांच्या गोष्टीकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. परंपरावादी पक्ष म्हणजे काय? जे आहे ते जपावे, बदल सावकाश व्हावा, असे मानणारा पक्ष. पण ज्याच्याकडे जपण्यासारखे काही नाही, त्याने या पक्षाला मत का द्यावे? गाठीला चार पैसे, डोक्यावर स्वतःचे छप्पर, भरवशाची नोकरी, मुलांसाठी बरी शाळा, यांतले काहीतरी माणसाच्या हाती असावे लागते. मग तो घडी विस्कटू नये म्हणून मत देतो. राखायला काही असेल तरच माणूस राखण करतो. हुजूर पक्षाच्या पुढाऱ्यांना हे चांगले ठाऊक होते. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८० च्या कायद्याने नगरपालिकांच्या घरांतल्या भाडेकरूंना ती घरे सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. त्या दशकात दहा लाखांहून जास्त घरे अशी विकली गेली. पिढ्यान् पिढ्या मजूर पक्षाला मत देणाऱ्या अनेक कुटुंबांनी घराची किल्ली हातात आल्यावर पहिल्यांदा हुजूर पक्षाला मत दिले. विकलेल्या घरांच्या जागी पुरेशी नवी घरे नगरपालिकांनी बांधली नाहीत. याची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागली आणि काही अंशी पक्षालाही.

आता तिसऱ्या पडत्या काळाकडे येऊ. अठरा वर्षांच्या सत्तेनंतर १ मे १९९७ रोजी टोनी ब्लेअर यांच्या मजूर पक्षाने हुजूर पक्षाला १६५ जागांवर आणून ठेवले. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये त्याला एकही जागा मिळाली नाही. २००१ मध्ये १६६ जागा मिळाल्या, म्हणजे चार वर्षांत एका जागेची भर. २००५ मध्ये १९८. १९४५ नंतर जे काम सहा वर्षांत झाले, त्याला या वेळी तेरा वर्षे का लागली?

माझ्या मते याचे मुख्य कारण असे, की पक्ष मतदारांशी बोलण्याऐवजी स्वतःशीच बोलत राहिला. १९९८ मध्ये नेता निवडण्याचा नियम बदलला आणि अखेरचा कौल सभासदांकडे गेला. वरवर पाहता ही लोकशाहीच. पण पंचवीस लाख सभासदांचा कौल वेगळा आणि आटत चाललेल्या, उतारवयाच्या सभासदांचा कौल वेगळा. २००१ मध्ये खासदारांच्या शेवटच्या फेरीत केनेथ क्लार्क पहिले आले. बाहेरच्या मतदारांत त्यांना चांगला मान होता. पण ते युरोपच्या बाजूचे होते, म्हणून सभासदांनी इयन डंकन स्मिथ यांना निवडले. दोन वर्षांतच खासदारांनी अविश्वास दाखवून त्यांना दूर केले. सर्वसाधारण निवडणुकीत पक्षाचे नेतृत्व करण्याची वेळ त्यांच्यावर आलीच नाही. त्याच काळातल्या पाहण्यांत आणखी एक विलक्षण गोष्ट दिसली. एखादे धोरण लोकांना सांगितले की ते पसंत पडे, पण ते हुजूर पक्षाचे आहे असे कळले की पसंती घसरे. म्हणजे माल चालत होता, दुकानाची पाटी चालत नव्हती. डिसेंबर २००५ मध्ये डेव्हिड कॅमेरॉन नेते झाले आणि त्यांनी ही पाटी पुसून नवी रंगवायला घेतली. पर्यावरण, आरोग्य सेवा, स्त्रियांना आणि अल्पसंख्य समाजांना उमेदवारी, हे विषय पुढे आणले. २०१० मध्ये पक्ष सत्तेवर आला, तोही उदारमतवादी लोकशाहीवाद्यांच्या मदतीने.

त्यानंतरची चौदा वर्षे सत्तेची होती, पण त्यांत पाच पंतप्रधान झाले. २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल लागला आणि पक्ष दोन प्रकारच्या मतदारांत विभागला गेला. दक्षिण इंग्लंडमधल्या सुखवस्तू, सुशिक्षित मतदारांना युरोप हवा होता. उत्तरेकडच्या जुन्या कारखान्यांच्या गावांतले मतदार त्याच्या विरुद्ध होते. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी दोन्ही घोड्यांवर एकदम बसून दाखवले. २०२४ मध्ये दोन्ही घोडे दोन दिशांना गेले. दक्षिणेतल्या अनेक जागा उदारमतवादी लोकशाहीवाद्यांनी घेतल्या. ते ११ वरून ७२ वर गेले. दुसरीकडे नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाने १४ टक्के मते नेली. त्या पक्षाला जागा पाचच मिळाल्या, पण हुजूर उमेदवार अनेक ठिकाणी त्याच्यामुळे पडले. ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच, ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, अशी पद्धत आहे. या पद्धतीत मते फुटण्याची शिक्षा फार कडक असते.

आणि घरे? यूगव या संस्थेच्या पाहणीनुसार, २०१९ मध्ये मजूर पक्षापेक्षा हुजूर पक्षाकडे मतदाराचा कल होण्याचे वय ३९ होते. २०२४ मध्ये ते ६३ झाले. वय वाढले की माणूस आपोआप परंपरावादी होतो, असे पूर्वी समजत. पण वयाबरोबर घर, बचत आणि स्थैर्य येत असे, म्हणून तो तसा होत असे. तिशी-चाळिशीतले लोक आज भाड्याच्या घरांत राहतात, आणि २०२२ मध्ये ट्रस यांच्या अर्थसंकल्पाने गृहकर्जाचे व्याज चढले ते त्यांच्या लक्षात आहे. त्यांना राखायला सांगायचे तरी काय?

२ नोव्हेंबर २०२४ रोजी केमी बेडनॉक यांची नेतेपदी निवड झाली. तेव्हा पक्षाच्या मतदार-सभासदांची संख्या सुमारे १ लाख ३२ हजार होती. रिफॉर्म पक्षाकडे गेलेले मतदार परत आणायचे, की मध्यममार्गी मतदारांकडे वळायचे, हा पेच तेव्हापासून पक्षापुढे आहे. काहीजण रिफॉर्मशी समझोता करा म्हणतात. ते कॅनडाचे उदाहरण देतात. तिथे १९८८ मध्ये १६९ जागा जिंकलेला परंपरावादी पक्ष १९९३ मध्ये दोन जागांवर आला. त्याच्या मतांवर वाढलेल्या पक्षाचे नावही योगायोगाने रिफॉर्मच होते. दोघांच्या भांडणात उदारमतवाद्यांनी तीन निवडणुका जिंकल्या. २००३ मध्ये एकत्रीकरण झाले आणि २००६ मध्ये स्टीफन हार्पर पंतप्रधान झाले. पण त्या एकत्रीकरणात वरचष्मा नव्या पक्षातून आलेल्यांचा राहिला, ही अर्धी गोष्ट सांगायची राहून जाते.

जुना पक्ष मरत नाही, असेही कोणी समजू नये. १९०६ मध्ये ४०० च्या आसपास जागा जिंकणारा ब्रिटनचा उदारमतवादी पक्ष १९२४ मध्ये ४० वर आला होता. त्याची जागा रिकामी राहिली नाही, मजूर पक्षाने घेतली. हुजूर पक्षाचीही रिकामी राहणार नाही. म्हणूनच हा त्या पक्षाचा घरगुती प्रश्न नाही. बदल सावकाश करावा, संस्था मोडू नयेत, निवडणूक हरलो तर निकाल मानावा, असे मानणारा उजवा पक्ष लोकशाहीला लागतो. तो नाहीसा झाला तर त्याचे मतदार नाहीसे होत नाहीत. ते अधिक चढ्या आवाजात बोलणाऱ्याकडे जातात.

ब्रिटनची पुढची सर्वसाधारण निवडणूक ऑगस्ट २०२९ पर्यंत व्हायला हवी. तोवर या पक्षाचे नेते काय भाषणे करतात, यापेक्षा मी एका साध्या गोष्टीकडे पाहीन. भाड्याच्या घरात राहणाऱ्या तीस वर्षांच्या मुला-मुलींना हा पक्ष काय देऊ करतो? १९५१ मध्ये त्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर होते, १९८० मध्येही होते. पुन्हा सापडले तर १२१ ही संख्या काही फार मोठा अडथळा नाही. सापडले नाही, तर जुन्या वैभवाच्या गोष्टी सांगणारे घराणे आणि हा पक्ष यांत फारसा फरक उरणार नाही.