लिनक्स संगणकावरील आज्ञावलींची देखभाल

शाळा, ग्रंथालये व ग्रामपंचायतींची कार्यालये यांतून संगणकाचा वापर आता नित्याचा झाला आहे. त्यांपैकी काही संगणकांवर 'लिनक्स' ही विनामूल्य कार्यप्रणाली बसविलेली असते. सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली 'बॉस' आणि सर्वत्र प्रचलित असलेली 'उबंटू' या दोन्ही प्रणाली 'डेबियन'च्या पायावर उभारलेल्या आहेत. डेबियनची स्थापना इयान मर्डॉक यांनी १९९३ साली केली. या प्रणालींवर नवी आज्ञावली कशी बसवावी, जुनी कशी काढावी व असलेली अद्ययावत कशी ठेवावी, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

लिनक्समध्ये प्रत्येक आज्ञावली 'पॅकेज'च्या रूपाने मिळते. प्रमाणित बियाण्याच्या मोहोरबंद पिशवीवर जशी माहितीची चिठ्ठी असते, तशीच या पॅकेजमध्येही एक नोंद असते. पॅकेजची आवृत्ती कोणती, ते चालण्यास आणखी कोणती पॅकेजे लागतात, हे तीत नमूद केलेले असते. अशी हजारो पॅकेजे प्रणालीच्या अधिकृत भांडारात ठेवलेली असतात. भांडाराच्या सूचीवर अंकीय स्वाक्षरी असते व संगणक ती तपासून पाहतो. अनोळखी ठिकाणाहून आज्ञावली उतरवून घेण्यापेक्षा भांडारातून घेणे हिताचे, ते यासाठीच.

प्रारंभी 'डीपीकेजी' या साधनाने एकेक पॅकेज बसवावे लागे आणि त्याला लागणारी इतर पॅकेजे स्वतः शोधून आणावी लागत. १९९९ साली डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर 'ॲप्ट' हे साधन आले आणि हा शोध संगणकच करू लागला.

आज्ञा देण्यासाठी 'टर्मिनल' उघडावे. उबंटूमध्ये कंट्रोल, ऑल्ट व टी या कळा एकदम दाबल्या असता ते उघडते. पुढील आज्ञा येथे उच्चारानुसार दिल्या आहेत. त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित कराव्यात. आज्ञेच्या आरंभी असलेला 'सुडो' हा शब्द व्यवस्थापकाचा अधिकार दर्शवितो. त्यानंतर परवलीचा शब्द विचारला जातो. तो लिहिताना पडद्यावर बहुधा काहीच उमटत नाही. तरी कळफलक बिघडला असे समजू नये.

प्रथम 'सुडो ॲप्ट अपडेट' ही आज्ञा द्यावी. तिने काहीही बसविले जात नाही. केवळ भांडाराची सूची ताजी होते. 'सुडो ॲप्ट अपग्रेड' या आज्ञेने बसविलेल्या पॅकेजांच्या नव्या आवृत्त्या येतात. सुरक्षेतील उणिवा याच मार्गाने दूर होत असल्याने हे काम नियमितपणे करावे.

देवनागरी अक्षरांचे विविध टंक हवे असल्यास 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' असे लिहून पुढे 'फाँट्स-देवा' हे पॅकेजचे नाव लिहावे. पॅकेजचे नाव ठाऊक नसेल तर 'ॲप्ट सर्च', आणि त्याची माहिती हवी असेल तर 'ॲप्ट शो' ही आज्ञा वापरावी. 'रिमूव्ह'ने आज्ञावली निघते, परंतु तिच्या मांडणीच्या नोंदी राहतात. 'पर्ज'ने त्या नोंदीही जातात. कोणासही न लागणारी, मागे उरलेली पॅकेजे 'ऑटोरिमूव्ह'ने काढता येतात.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. होकार मागण्यापूर्वी संगणक कोणती पॅकेजे बसतील व कोणती निघतील यांची यादी दाखवितो. ती वाचल्यावाचून होकार देऊ नये. २०२१ साली कॅनडातील प्रसिद्ध तंत्रविषयक निवेदक लिनस सेबॅस्टियन हे 'पॉप ओएस' या प्रणालीवर 'स्टीम' ही खेळांची आज्ञावली बसवीत होते. भांडारातील पॅकेजांच्या परस्परसंबंधात त्या वेळी दोष होता. प्रणालीची अत्यावश्यक पॅकेजे काढली जातील, असा स्पष्ट इशारा संगणकाने दिला होता. तरीही त्यांनी होकार टंकित केला आणि पडद्यावरील संपूर्ण चित्रमय मांडणीच नाहीशी झाली. दोष भांडारातील होता हे खरे; तथापि यादीकडे लक्ष दिले असते तर हानी टळली असती. एक आज्ञावली बसविताना अनेक पॅकेजे निघणार असल्याचे दिसले, तर नकार देऊन थांबावे व जाणकाराचा सल्ला घ्यावा.

काम चालू असताना वीज गेल्यास घाबरण्याचे कारण नाही. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर 'सुडो डीपीकेजी' यापुढे दोन आडव्या रेघांसह 'कॉन्फिगर' व एका रेघेसह 'ए' हे अक्षर लिहावे. अर्धवट राहिलेली मांडणी बहुधा पूर्ण होते.

कोणत्या दिवशी काय बसविले व काय काढले, याची नोंद संगणक स्वतः ठेवतोच. तरीही शाळेने वा कार्यालयाने त्यासाठी एक साधी वही ठेवावी. बदलून आलेल्या नव्या शिक्षकास वा कर्मचाऱ्यास ती वही मार्गदर्शक ठरेल आणि एकाच्या बदलीमुळे संगणक बंद पडून राहण्याचा प्रसंग येणार नाही.