शोधनिबंध समजावून सांगतांना

आमच्या वाचकांपैकीं अनेकांचे मुलगे व मुली संगणकशास्त्राच्या वरच्या वर्गांत शिकत असतील. तेथें एखादा शोधनिबंध वाचून तो वर्गापुढें थोड्या वेळांत समजावून सांगावा लागतो. पुष्कळ विद्यार्थी त्यांतील प्रमेयें क्रमानें वाचून दाखवितात. श्रोते माना डोलावितात आणि रिकाम्या हातांनीं उठतात. हें कसें टाळावें, तें एका उदाहरणानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ऑगस्ट २००२ मध्यें कानपूरच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक मणींद्र अग्रवाल व त्यांचे नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी नीरज कयाल व नितिन सक्सेना यांनीं, दिलेली संख्या मूळ आहे कीं नाहीं हें ठरविण्याची एक रीति जाहीर केली. तीबद्दल त्यांस २००६ मध्यें गोडेल पारितोषिक मिळालें. हा निबंध सांगावयाचा आहे असें समजूं.

प्रथम प्रश्न कठीण कां, हें सांगावें. १०० अंकी संख्येस तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सर्व संख्यांनीं भागूं म्हटल्यास, त्या भागाकारांची गणतीच सुमारें ५० अंकी होईल. जिचे श्रम संख्येच्या मूल्याच्या नव्हे, तर तिच्या अंकांच्या मानानें आटोक्यांत वाढतील, अशी रीति हवी होती.

नंतर फळ्यावर मेरुप्रस्तार काढावा. पिंगलाच्या छंदःसूत्रावरील हलायुधाच्या दहाव्या शतकांतील टीकेंत तो आहेच. ५ ची ओळ १, ५, १०, १०, ५, १ अशी. टोकांचे एक वगळतां सर्वांस ५ नें भाग जातो. ४ ची ओळ १, ४, ६, ४, १. येथें ६ अडतो. मूळ संख्येच्या ओळींत भाग नेहमीं जातो, इतरांच्या ओळींत कोठें तरी अडतोच. परंतु १०० अंकी संख्येची ओळ लिहिणें अशक्य! म्हणून या तिघांनीं सबंध ओळ न लिहितां, ती ज्या बहुपदीपासून निघते तशा थोड्या बहुपदी घेतल्या, त्यांस एका लहान बहुपदीनें भागून उरणारी बाकी तेवढी तपासली, आणि तेवढें पुरतें हें सिद्ध केलें. निबंधाचें मर्म तें हेंच.

‘याचा व्यवहारांत उपयोग काय?’ असें कोणी विचारील. तेव्हां लपवाछपवी करूं नये. व्यवहारांत मिलर व राबिन यांची यदृच्छेवर चालणारी जुनी रीतच अधिक जलद आहे. कानपूरच्या रीतीचें मोल हें कीं, ती दैवावर किंवा असिद्ध गृहीतकावर विसंबत नाहीं.

शेवटीं, विषय न जाणणाऱ्या घरांतील वडील माणसापुढें एकदां हें सर्व बोलून पाहावें. ज्या ठिकाणीं तीं ‘हें कसें रे?’ म्हणून थांबवितील, तेथेंच आपलें ज्ञान उसनें आहे असें ओळखावें, आणि निबंध पुन्हां उघडावा.