दौत आणि भिन्नमत

न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांचे चरित्र वाचताना मी एका दौतीपाशी थांबलो. कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणारा १८५७चा ड्रेड स्कॉट निकाल सरन्यायाधीश टॉनींनी तिच्याच शाईने लिहिला होता. १८८३मध्ये नागरी हक्कांच्या खटल्यांत भिन्नमत लिहिताना हार्लन अडले. तेव्हा पत्नी मालविनाने ती दौत मेजावर ठेवली आणि लेखणी धावू लागली, असे तिच्या आठवणी सांगतात. हार्लन केंटकीतल्या गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातले. गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीलाही त्यांनी विरोध केला होता. तेच हार्लन १८९६च्या प्लेसी खटल्यात रेल्वेच्या डब्यांतील वर्णभेदाविरुद्ध सातजणांसमोर एकटे उभे राहिले. त्याच निकालपत्रात चिनी लोकांना मात्र त्यांनी परके लेखले. म्हणून ते मला संत वाटत नाहीत. स्वतःची शाई बदलू पाहणारा माणूस वाटतात.