मुक्तस्रोत पार्सर लायब्ररीची मूळ संहितेपासून उभारणी : 'एक्सपॅट'च्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

शालेय व्याकरणात वाक्यपृथक्करण शिकविले जाते. उद्देश्य, विधेय व त्यांचे विस्तार वेगळे करून वाक्याची रचना उलगडली जाते. संगणकातील पार्सर हेच कार्य करतो. फरक एवढाच की, माणूस अशुद्ध वाक्याचाही अर्थ लावून घेतो, तर काटेकोर पार्सर नियमभंग आढळताच थांबतो. प्राध्यापकवर्ग दररोज हाताळत असलेल्या अनेक फाइलींचे अंतरंग एक्सएमएल या खूणभाषेत असते. वर्डची 'डॉक्स' फाइल ही वस्तुतः एक्सएमएल दस्तऐवजांची झिप केलेली जुडी होय. अशा फाइली वाचणाऱ्या आज्ञावलीच्या मुळाशी कोठेतरी एक पार्सर लायब्ररी असतेच.

लिनक्सवर अशा लायब्ररीची तयार प्रत एका आज्ञेने मिळते. मग ती मूळ संहितेपासून उभारण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. लायब्ररी मिळविणे हे या उभारणीचे खरे फलित नसून, आपण कशावर आणि का विश्वास ठेवतो याची टप्प्याटप्प्याने होणारी तपासणी हे तिचे फलित आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

'एक्सपॅट'चे स्वरूप

एक्सएमएलच्या पहिल्या आवृत्तीला १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची मान्यता मिळाली. ते प्रमाण सिद्ध करणाऱ्या कार्यगटाचे तांत्रिक नेतृत्व जेम्स क्लार्क यांच्याकडे होते. 'एक्सपॅट' ही सी भाषेतील लायब्ररी मुळात त्यांनीच लिहिली. ती एमआयटी परवान्याखाली खुली असून पायथन भाषा व फायरफॉक्स ब्राउझर यांत तिचा वापर होतो. संपूर्ण दस्तऐवज स्मृतीत न साठविता ती तो प्रवाहरूपाने वाचते आणि खूण सुरू झाली, मजकूर आला, खूण संपली, अशा प्रत्येक घटनेची वर्दी आपल्या आज्ञावलीस देते.

तिच्या संहितेतील कामाची विभागणीही बोधप्रद आहे. 'एक्सएमएलटोक' हा भाग अक्षरप्रवाहातून घटक वेगळे काढतो, 'एक्सएमएलरोल' हा भाग दस्तऐवजाच्या प्रारंभीच्या घोषणांत त्या घटकांची भूमिका ठरवितो आणि 'एक्सएमएलपार्स' हा भाग सर्वांचे सूत्रसंचालन करतो. पद ओळखणे आणि त्या पदाचे वाक्यातील कार्य ओळखणे हा व्याकरणातील भेद येथे स्वतंत्र फाइलींच्या रूपाने दिसतो.

उभारणीचे टप्पे

१) कॉन्फिगर : संहितेची संकुचित फाइल, म्हणजेच टारबॉल, उलगडल्यावर 'कॉन्फिगर' ही आज्ञालिपी चालविली जाते. सी कंपायलर आहे काय, आवश्यक हेडर फाइली आहेत काय, याची ती चौकशी करते आणि त्या संगणकास अनुरूप अशी मेकफाइल तयार करते. एक्सपॅटच्या बाबतीत एक चौकशी विशेष महत्त्वाची आहे. खुणांची नावे साठविणाऱ्या सारणीवर मुद्दाम रचलेल्या नावांचा मारा करून संगणक मंदावता येतो. त्यावर उपाय म्हणून २०१२ मधील २.१.० या आवृत्तीपासून सारणीत यादृच्छिक मूल्य मिसळले जाते. अलीकडील आवृत्त्यांत अशा मूल्याचा भरवशाचा स्रोत न आढळल्यास उभारणी त्रुटी दाखवून थांबते. ही त्रुटी अडथळा वाटली तरी वस्तुतः तो इशारा आहे.

२) मेक : 'मेक' हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत निर्माण केले. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे मेकफाइलवरून जाणून आणि फाइलींच्या वेळा ताडून ते बदललेले भागच पुन्हा संकलित करते. शेवटी सर्व भाग जोडून लायब्ररी सिद्ध होते.

३) मेक चेक : या आज्ञेने लायब्ररीसोबत आलेल्या चाचण्या चालतात. घाईत हा टप्पा सर्रास वगळला जातो. वास्तविक आपल्या यंत्रावर, आपल्या कंपायलरने तयार झालेली प्रत अपेक्षेप्रमाणे वागते, याचा पुरावा येथेच मिळतो.

४) मेक इन्स्टॉल : या टप्प्यात फाइली ठरलेल्या निर्देशिकांत ठेवल्या जातात. पर्याय न दिल्यास त्या 'यूएसआर'खालील 'लोकल'मध्ये जातात व त्यासाठी प्रशासकीय अधिकार लागतात. 'प्रीफिक्स' हा पर्याय देऊन स्वतःच्या निर्देशिकेतही स्थापना करता येते. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांसाठी हाच मार्ग श्रेयस्कर होय.

देवनागरी मजकुराची परीक्षा

स्थापनेनंतर 'एक्सएमएलडब्ल्यूएफ' हे सोबतचे साधन एखाद्या मराठी फाइलवर चालवून पाहावे. फाइल सुघटित असल्यास ते काहीही बोलत नाही, नसल्यास चुकीची ओळ दाखविते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. वाचनाचा खंड चिन्हाच्या मध्येच तुटला, तर एक्सपॅट पुढील खंडाची वाट पाहते. तथापि दोन खुणांमधील मजकूर एकाच वर्दीत मिळेल, याची हमी ती देत नाही. 'की' या अक्षरातील 'क' आणि दीर्घ वेलांटी ही युनिकोडमध्ये दोन स्वतंत्र चिन्हे आहेत. ती दोन वेगवेगळ्या वर्द्यांत येऊ शकतात. म्हणून शेवटची खूण येईपर्यंत मजकूर जोडत राहणे, हे वापरणाऱ्या आज्ञावलीचे कर्तव्य ठरते. तसे न केल्यास शब्दसूचीत तुटलेले शब्द शिरतात आणि दोष मात्र लायब्ररीला दिला जातो.

विश्वासाचा प्रश्न

संहिता खुली आहे, म्हणून ती सुरक्षित आहे, असा समज आढळतो. २९ मार्च २०२४ रोजी उघडकीस आलेल्या 'एक्सझेड' प्रकरणाने त्याची मर्यादा दाखवून दिली. या संकुचन-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट पेरलेली होती. प्रकल्पात दीर्घकाळ काम करून विश्वास संपादन केलेल्या एका सहसंधारकाच्या नावानेच त्या प्रसिद्ध झाल्या होत्या. घातक द्रव्य चाचणी-फाइलींच्या वेषात होते. ते बाहेर काढून लायब्ररीत जोडणारी उभारणीची लिपी मात्र केवळ टारबॉलमध्ये होती, सार्वजनिक संहिताकोशात नव्हती. दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा छडा लावताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास हा प्रकार आढळला.

यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, डिजिटल स्वाक्षरी फाइल कोणी दिली हे सांगते, ती निर्दोष आहे हे सांगत नाही. दुसरी, कॉन्फिगर हा निरुपद्रवी उपचार नसून आपल्या यंत्रावर चालणारी परकी आज्ञावली आहे. तिसरी, शक्य तेथे संहिताकोशातून प्रत घेऊन कॉन्फिगर स्वतः निर्माण करावी. एक्सपॅटमध्ये त्यासाठी 'बिल्डकॉन्फ' ही लिपी दिलेली आहे. अर्थात या तपासणीलाही अंत आहे. कंपायलरच दूषित असेल, तर स्वच्छ संहितेतूनही दूषित आज्ञावली निर्माण होऊ शकते, हे केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात दाखविले होते. संपूर्ण खात्री अशक्य असली तरी कोणत्या टप्प्यावर कोणावर विसंबलो, हे सांगता येणे शक्य आहे.

स्थापनेनंतरची जबाबदारी

लिनक्सच्या वितरणातील प्रतीला सुरक्षा-दुरुस्त्या नेहमीच्या अद्ययावतीकरणातून मिळतात. स्वतः उभारलेल्या प्रतीला त्या मिळत नाहीत. २०२२ च्या जानेवारी व फेब्रुवारीत एक्सपॅटमधील गंभीर दोष दूर करणाऱ्या आवृत्त्या लागोपाठ प्रसिद्ध झाल्या. ज्यांनी जुनी प्रत हाताने बसवून विस्मरणात टाकली, त्यांच्या यंत्रात ते दोष तसेच राहिले. दोन प्रती शेजारी नांदत असतील, तर आज्ञावली कोणती प्रत उचलते, हे 'एलडीडी' या आज्ञेने तपासावे. आवृत्ती, दिनांक, दिलेले पर्याय व चाचण्यांचा निकाल यांची नोंद प्रयोगशाळेच्या वहीत ठेवावी.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, नित्य वापरासाठी वितरणाची तयार प्रतच योग्य होय. मूळ संहितेपासूनची उभारणी अध्ययनासाठी, तपासणीसाठी आणि विशिष्ट गरजेसाठी करावी. इतिहासाचा अभ्यासक छापील आवृत्ती हाताशी असतानाही मूळ कागद पाहतो. तो पाहताना कागद कोठून आला, कोणाच्या हातून आला, हेही विचारतो. हीच शिस्त संगणकाच्या प्रयोगशाळेत रुजली, तर 'मेक इन्स्टॉल'ची आज्ञा देण्यापूर्वी विद्यार्थी क्षणभर थांबेल. ते थांबणे हेच या प्रात्यक्षिकाचे खरे यश ठरेल.