सरोवरांच्या प्रदेशातील जमा आणि नावे

मँचेस्टरला मुलाच्या घरी पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी सौ.ने स्वयंपाकघरातील नळाला पांढरे दुहेरी फडके बांधले. मुलगा हसून म्हणाला, "आई, हे पाणी दीडशे किलोमीटरवरच्या डोंगरातील सरोवरातून येते. इथे सगळे नळाचेच पाणी पितात." ती शांतपणे म्हणाली, "येऊ दे की. गाळायला आपल्याला काय कष्ट पडतात?"

आपल्या परंपरेत पाणी हे केवळ जीवांचे आश्रयस्थान नाही. जलकायिक जीवांच्या रूपाने ते स्वतःच सजीव मानले गेले आहे. म्हणून आपण ते गाळून, मोजून वापरतो. मात्र हे पाणी कोठून आले आणि ते येथे येण्यासाठी कोणी काय सोडले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्या फडक्याकडे पाहताना तो माझ्या मनात आला आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही ते सरोवर पाहण्यास निघालो.

इंग्लंडच्या वायव्येस, कंब्रिया परगण्यात, 'लेक डिस्ट्रिक्ट' नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. हिमयुगात येथे प्रचंड हिमनद्या वाहत होत्या. त्यांनी दऱ्यांचे तळ खरवडून खोल केले, कडे उभे तासले आणि जाताना दगडगोट्यांचे बांध मागे ठेवले. सुमारे अकरा-बारा हजार वर्षांपूर्वी अखेरचे हिम वितळले आणि त्या लांबट खोलग्यांत पाणी साचून आजची सरोवरे तयार झाली. येथील सीथवेट या वस्तीवर वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या कोकणाची आठवण व्हावी असाच हा पाऊस. फक्त तो बारा महिन्यांत विभागलेला.

हिमनदीने जे घडवले त्यातच पुढील सर्व संघर्षांचे बीज आहे. डोंगरावरील माती पातळ व निकस, म्हणून तेथे धान्याऐवजी मेंढपाळी आली. पाटीचा दगड उत्तम, म्हणून खाणी आल्या. दरी अरुंद, तळ खडकाचा, पाऊस भरपूर आणि वस्ती विरळ, म्हणून धरण बांधणाऱ्यांची नजर तिकडे वळली. शिवाय सौंदर्य असे की पर्यटकांची रीघ लागली. भूमी एक आणि मागणारे अनेक.

त्यांपैकी सर्वांत मोठा मागणीदार म्हणजे मँचेस्टर शहर. एकोणिसाव्या शतकात तेथील कापडगिरण्या वाढल्या, मजुरांची दाटी झाली, स्वच्छ पाण्याअभावी रोगराई पसरली. 1832 साली या शहराने पटकीची साथ भोगली होती. नगरपालिकेने थर्लमिअर या सरोवरावर धरण बांधण्याचे ठरवताच जॉन रस्किनसारख्या विचारवंतांनी कडाडून विरोध केला. तरीही 1879 साली संसदेने कायदा संमत केला. सरोवराची पातळी वाढली, काठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि 1894 साली तेथील पाणी केवळ उताराच्या बळावर, पंपाशिवाय, सुमारे 154 किलोमीटर वाहत मँचेस्टरला पोहोचले. पुढच्याच वर्षी, 1895 मध्ये, निसर्ग व वास्तू यांच्या रक्षणासाठी 'नॅशनल ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली.

परंतु तहान वाढतच राहिली. 1919 च्या कायद्याने पालिकेला हॉजवॉटर सरोवरही मिळाले. त्याच्या माथ्याशी मार्डेल नावाचे लहानसे गाव होते: काही घरे, एक पांथशाळा, एक चिमुकले चर्च. 18 ऑगस्ट 1935 रोजी तेथे अखेरची प्रार्थना झाली. चर्चमध्ये न मावलेले शेकडो लोक बाहेर उभे होते. दफनभूमीतील 97 जणांचे अवशेष उकरून शॅप गावी हलवण्यात आले. घरे पाडली गेली. चर्चचे दगड पाणी सोडण्याच्या मनोऱ्यात बसवले गेले. आम्ही गेलो तेव्हा सरोवर काठोकाठ भरलेले होते. गावाची खूणही दिसली नाही. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेथील भिंती आणि छोटा पूल वर येतो, आणि लोक तो पाहण्यास गर्दी करतात.

काठावर उभा असताना मला मुळशी आठवले. 1921 पासून तीनेक वर्षे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी तेथील धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. मुंबईला वीज मिळाली. जमिनी मात्र पाण्याखाली गेल्या. देश वेगळा, पण हिशेबाची रीत तीच.

माझी हयात बँकेत गेली. प्रत्येक जमेच्या नोंदीसमोर कोठेतरी नावेची नोंद असते, हा तेथील पहिला धडा. मँचेस्टरच्या खातेवहीत पाणी जमा झाले, तेव्हा मार्डेलच्या वहीत गाव नावे पडले. शहरातील मजुराच्या तान्ह्या मुलाला शुद्ध पाणी हवे होते, हेही सत्य. आणि आजीची कबर उकरताना पाहणाऱ्या खेडुताचे दुःख, हेही सत्य. अनेकांतवाद म्हणजे सर्वांचेच खरे म्हणून हात झटकणे नव्हे. ज्याची बाजू नोंदलीच गेली नाही, त्याच्याकडे जाऊन ती ऐकणे, हाही त्याचाच अर्थ आहे.

आजही संघर्ष थांबलेले नाहीत. विंडरमिअर सरोवरावर वेगवान बोटी हव्यात की शांतता, या वादातून 2005 साली ताशी 10 नॉटची वेगमर्यादा आली आणि बोटवाले नाराज झाले. सुट्टीपुरती घरे घेणाऱ्या धनिकांमुळे किमती इतक्या चढल्या की तेथेच जन्मलेल्या तरुणांना घर परवडेनासे झाले. मेंढ्यांवरूनही वाद आहेच. पर्यावरणप्रेमी म्हणतात, अतिचराईमुळे डोंगर उघडे पडले. मेंढपाळ म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या आपली हद्द आईमागे चरत शिकणारे आमचे हर्डविक कळप गेले तर हा प्रदेश मुका होईल. आपल्या दृष्टीने आणखी एक बाजू उरते. त्या मेंढ्या केवळ लोकरीसाठी पाळल्या जात नाहीत, आणि या वादात त्यांचे मत कोणीच विचारलेले नाही.

तरीही जमेच्या बाजूला एक लहानशी नोंद मला आढळली. हॉजवॉटरजवळील स्विनडेल दरीतील ओढा शेतकऱ्यांनी पूर्वी गवताच्या कुरणांसाठी सरळ केला होता. 2016 साली पाणीपुरवठा कंपनी आणि पक्षीसंरक्षक संस्था यांनी मिळून त्याला त्याची जुनी वळणे परत दिली. प्रवाह मंदावला, तळाशी वाळू-खडी साचू लागली आणि लवकरच सॅमन मासे तेथे अंडी घालू लागले. कुरणे राहिली, मेंढ्याही राहिल्या, फक्त कमी संख्येने. प्रत्येकाने आपली मागणी थोडी आवरली, एवढेच. आपण त्यालाच अपरिग्रह म्हणतो.

परत आल्यावर सौ. नळाचे फडके बदलत होती. मी तिला मार्डेलची हकीकत सांगितली. ती काही बोलली नाही. संध्याकाळी भांडी घासताना मात्र तिने नळ बंद केला आणि बादलीत पाणी घेतले. मुलाने विचारले, "आई, इथे पाण्याला काय तोटा आहे?"

"इथे नसेल," ती म्हणाली, "पण कुणीतरी गाव सोडून दिलेले आहे हे."